मधुमेह व व्यायाम

मधुमेह व व्यायाम : रक्तातील ग्लुकोजाचे (एका प्रकारच्या साखरेचे) प्रमाण कायम वाढलेले असणे हे मधुमेहाचे मुख्य लक्षण होय. या विकारात आहार व औषधे यांच्या जोडीने, प्रकार, तीव्रता, कालावधी व वारंवारता ठरवून योजलेल्या शारीरिक श्रमाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. व्यायामाने रक्तातील ग्लुकोज कमी होते, हे सर्वश्रुत आहे; परंतु काही परिस्थितींत ते धोकादायक पातळीपर्यंत घसरते, तर काहींत उलट वाढते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. एकाला हितकारक ठरलेला व्यायाम दुसऱ्याच्या दृष्टीला किंवा पायाला अपायकारक ठरू शकतो. यामुळे मधुमेहातील व्यायाम हे मात्रा ठरवून द्यावयाचे औषध मानले जाते. ही मात्रा मधुमेहाचा प्रकार, चालू असलेली औषधे आणि उपद्रव (मूळ रोगामुळे उद्‌भवलेले इतर विकार) या तीन गोष्टींवर अवलंबून असते [⟶ मधुमेह].

इतिहास : प्राचीन भारतीय वैद्यकात प्रमेहाच्या चिकित्सेत व्यायामाला महत्त्वाचे स्थान होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्री यांवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे सांगितले आहे. शेत कसणे, विहीर खणणे यांसारखी कष्टाची कामेही तेथे सुचविली आहेत. मात्र हे सर्व वैद्याच्या सांगण्यावरून करावयाचे असून कृश रुग्णाचे सतत रक्षण करावे, अशी पुस्तीही त्यास जोडलेली आहे. जन्मजात प्रमेहाचा कृश रुग्ण आणि अपथ्यामुळे प्रमेह झालेला स्थूल रुग्ण असा भेद सुश्रुतसंहितेत केलेला असल्याने या पुस्तीचे महत्त्व लक्षात येते. अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र आजच्या ज्ञानानुसार सर्वस्वी वर्ज्य ठरला आहे.

एकोणिसाव्या शतकात आपॉलिनेर बूशार्दा (१८०६–८६) या फ्रेंच वैज्ञानिकांनी मिताहाराबरोबर श्रमाचाही पुरस्कार केला. १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलिनाचा शोध लागला व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णाला टोचण्यात आले. तोपर्यंत इन्शुलिनाचा पूर्ण अभाव असलेल्या रुग्णाला व्यायामाचा लाभ होण्याची शक्यताच नव्हती. १९२६ मध्ये आर्. डी. लॉरेन्स या ब्रिटिश वैद्यांनी व्यायामामुळे टोचलेल्या इन्शुलिनाचा परिणाम वाढतो, असे दाखवून दिले. ते स्वतः मधुमेही होते. अमेरिकन वैद्य इलियट जॉस्लिन यांनी मधुमेहाच्या उपचाराला आहार, इन्शुलीन व व्यायाम या तीन घोड्यांच्या रथाची उपमा दिली. एक घोडा वेगाने धावू लागल्यास इतर दोघांची चालही बदलावी लागते, हा या उपमेतून निघणारा अर्थ व्यायामाच्या सुरक्षिततेचे मूळ सूत्र आहे.

शरीरक्रिया : निरोगी व्यक्तीने श्रम सुरू करताच स्नायू प्रथम स्वतःमधील ग्लायकोजेनाचा साठा वापरतात आणि नंतर रक्तातील ग्लुकोज व वसाम्ले घेऊ लागतात. याच वेळी अग्निपिंडातून होणारे इन्शुलिनाचे स्रवण घटते व ग्लुकागॉन या हॉर्मोनाचे स्रवण वाढते. त्यामुळे यकृत आपल्या साठ्यातील ग्लुकोज रक्तात सोडते. स्नायूंनी घेतलेले व यकृताने पुरविलेले ग्लुकोज जवळजवळ समतोल राहिल्याने रक्तातील पातळी फारशी बदलत नाही.

इन्शुलीन टोचून घेणाऱ्या रुग्णात हा समतोल बिघडतो. टोचलेले इन्शुलीन व्यायाम सुरू झाला म्हणून कमी होत नाही. ते यकृतातून होणारा पुरवठा रोखून धरते, तर दुसरीकडे स्नायूंची उचल वाढलेली असते. परिणामी रक्तातील ग्लुकोज झपाट्याने घसरते. इन्शुलीन स्रवण्यास भाग पाडणाऱ्या ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांनीही असेच घडू शकते. याउलट इन्शुलिनाचा फार अभाव असताना व्यायाम केल्यास यकृत ग्लुकोज सोडीतच राहते, स्नायूंना त्याचा पुरेसा उपयोग करता येत नाही आणि वसेच्या विघटनातून कीटोन पिंडे निर्माण होतात. रक्ताची अम्लता वाढविणारी ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. तिसरी शक्यता अल्पकाळ केलेल्या अतितीव्र श्रमाची होय. वेगाची धाव किंवा जड वजन उचलणे यांमुळे ॲड्रेनॅलीन स्रवून ग्लुकोज काही काळ वाढते.

स्नायूंच्या कोशिकांत ग्लुकोजाचा प्रवेश ग्लुट–४ नावाच्या वाहक प्रथिनामार्फत होतो. हे प्रथिन कोशिकेच्या पृष्ठभागाकडे आणण्याचे काम इन्शुलीन करते. परंतु स्नायूंच्या आकुंचनानेही हेच कार्य स्वतंत्र मार्गाने घडून येते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिनाला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असला, तरी हा दुसरा मार्ग खुला असतो. व्यायामानंतर इन्शुलिनाविषयीची संवेदनशीलता सु. २४ ते ७२ तास वाढलेली राहते. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, या नियमाचा आधार हाच आहे.

उपयुक्तता : व्यायामाने वजन उतरले नाही, तर तो वाया गेला, हा समज बरोबर नाही. गेल्या सु. तीन महिन्यांतील ग्लुकोजाची सरासरी दर्शविणारे ग्लायकोसिलित हीमोग्लोबिनाचे प्रमाण वजनात विशेष फरक न पडताही व्यायामाने घटते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात आढळले. २०११ मध्ये ४७ चाचण्यांतील सु. ८,५०० रुग्णांच्या माहितीचे असेच विश्लेषण करण्यात आले. देखरेखीखाली, ठरवून दिलेला व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण सरासरी ०·६७ टक्के अंकांनी व आठवड्याला १५० मिनिटांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत ०·८९ टक्के अंकांनी उतरले. ‘व्यायाम करीत जा’ एवढाच उपदेश दिलेल्या व आहाराचे मार्गदर्शन न मिळालेल्या रुग्णांत मात्र उल्लेखनीय फरक दिसला नाही. तज्ञांच्या मार्गदर्शनाची आवश्यकता यावरून स्पष्ट होते.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींच्या बाबतीतही व्यायाम उपयुक्त ठरला आहे. चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये ५७७ व्यक्तींवर सुरू झालेल्या अभ्यासात व्यायाम करणाऱ्या गटात सहा वर्षांत मधुमेह होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेतील ३,२३४ व्यक्तींच्या अभ्यासात (२००२) आहारनियंत्रण व आठवड्याला १५० मिनिटांचा श्रम यांमुळे हा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मीन या औषधाने तो ३१ टक्क्यांनी घटला होता. चेन्नई येथील ५३१ व्यक्तींच्या भारतीय अभ्यासात (२००६) जीवनपद्धतीतील बदलाने धोका २८·५ टक्क्यांनी कमी झाला. या यशाला मर्यादाही आहेत. अमेरिकेत ५,१४५ स्थूल मधुमेहींवर झालेल्या व २०१२ मध्ये थांबविण्यात आलेल्या चाचणीत आहार व व्यायाम यांमुळे वजन व ग्लुकोज यांत सुधारणा झाली. परंतु हृद्‌रोगाचे झटके व त्यामुळे होणारे मृत्यू यांत घट आढळली नाही. म्हणून रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवरील औषधे केवळ व्यायाम सुरू केला म्हणून आपण होऊन सोडणे धोक्याचे ठरते.

भारतात २०२१ मध्ये सु. १०·१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत करण्यात आला. याच पाहणीच्या महाराष्ट्राचा समावेश असलेल्या पहिल्या टप्प्यात (निष्कर्ष २०१४) ५४·४ टक्के लोक शारीरिक दृष्ट्या निष्क्रिय आढळले आणि फावल्या वेळात व्यायाम वा खेळ यांत भाग घेणारे १० टक्क्यांहून कमी होते. भारतीयांची शरीररचनाही लक्षात घ्यावी लागते. पुण्यातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक व लंडनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच मोजमापांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक २२·३ होता. परंतु शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीय व्यक्तीतही स्नायू कमी व वसा अधिक असू शकते. त्यामुळे केवळ वजन घटविणे हे उद्दिष्ट न ठेवता स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायामही योजावा लागतो.

प्रकार व प्रमाण : प्रौढ मधुमेहीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा व तो निदान तीन दिवसांत विभागावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. झपाट्याने चालणे, सायकल चालविणे, पोहणे हे या वर्गात मोडतात. श्रम करताना बोलता येते; पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रतेची सोपी खूण होय. यांखेरीज आठवड्यातून दोन ते तीन वेळा, एक दिवसाआड, मोठ्या स्नायुसमूहांना विरोधाविरुद्ध काम करावयास लावणारे व्यायाम करावेत. त्यांसाठी हलकी वजने, रबरी पट्टे किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे यांचा उपयोग होतो. वृद्धांनी तोल सांभाळण्याचे व सांधे लवचिक ठेवणारे व्यायाम करणे आवश्यक असते. दीर्घकाळ बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून थोडी हालचाल करावी.

जेवणानंतर शतपावली घालण्याची महाराष्ट्रातील प्रथा या दृष्टीने लक्षणीय आहे. न्यूझीलंडमधील ४१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने भोजनोत्तर ग्लुकोज सरासरी १२ टक्क्यांनी व रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी कमी राहिले. शंभर पावले एक-दोन मिनिटांतच संपतात. तेव्हा शतपावली दहा मिनिटांपर्यंत वाढविणे इष्ट ठरते.

योगासनांनी लवचिकपणा व तोल सुधारतो. मात्र सावकाश केलेली आसने झपाट्याने चालण्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. सर्व आसने सर्व रुग्णांना योग्य नसतात, याचा उल्लेख पुढे केला आहे.

पूर्वतपासणी : लक्षणे नसलेल्या व आजवर चालत असलेल्या व्यक्तीला सावकाश चालणे वाढविण्यापूर्वी विशेष चाचण्यांची गरज सहसा नसते. बैठ्या व्यक्तीने तीव्र व्यायाम सुरू करावयाचा असेल, मधुमेह बराच जुना असेल किंवा छातीत दडपण, धाप व चक्कर यांपैकी काही जाणवत असेल, तर हृद्‌विद्युत् आलेख व जरूर पडल्यास श्रम-चाचणी करतात. मधुमेहींमध्ये तंत्रिकांच्या विकृतीमुळे छातीत न दुखताही हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडू शकतो. अशा वेळी नेहमीच्या कामात नव्याने लागणारी धाप हीच खूण असते. डोळ्यांच्या जालपटलाची तपासणी, पावलांची संवेदना, रक्तदाब व वृक्कांचे कार्य यांची माहितीही व्यायाम ठरविण्यापूर्वी मिळवावी लागते.

अल्पग्लुकोजरक्तता : रक्तातील ग्लुकोज दर डेसिलिटरमध्ये ७० मिग्रॅ.पेक्षा कमी झाल्यास ही अवस्था मानतात. घाम, कंप, धडधड, भूक, चिडचिड व गोंधळ ही तिची लक्षणे होत. व्यायामात घाम व धडधड स्वाभाविक असल्याने धोक्याची सूचना लक्षात न येण्याचा संभव असतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-रोधक औषधांनी धडधड व कंप दबून जातात. मेटफॉर्मीनसारखे औषध एकटेच घेणाऱ्यांत हा धोका अत्यल्प असतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात व्यायामाच्या आरंभी ग्लुकोजाचे प्रमाण सर्वसाधारणपणे १२६ ते १८० मिग्रॅ. असावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ञांच्या २०१७ मधील मतैक्यात सुचविले आहे. ते ९० मिग्रॅ.पेक्षा कमी असल्यास १० ते २० ग्रॅ. ग्लुकोज घेऊन पातळी वाढल्यानंतरच सुरुवात करतात. जेवणानंतर लवकर व्यायाम करावयाचा असेल, तर त्या जेवणापूर्वीचे इन्शुलीन श्रमाच्या तीव्रतेनुसार सु. २५ ते ७५ टक्क्यांनी कमी करण्याची पद्धत आहे. परंतु नेमकी घट वैद्यांनीच ठरवून द्यावी लागते. धावण्यापूर्वी किंवा सायकल चालविण्यापूर्वी मांडीत टोचलेले इन्शुलीन अधिक वेगाने शोषले जाते, असे १९७८ मध्ये दिसून आले. म्हणून अशा वेळी पोटाची जागा निवडतात. आदल्या चोवीस तासांत ग्लुकोज तीव्रतेने घसरून इतरांची मदत घ्यावी लागली असेल, तर त्या दिवशी व्यायाम वर्ज्य करतात.

लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून सु. १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. पेढा किंवा चॉकलेट यांतील वसेमुळे साखरेचे शोषण मंदावते. त्यामुळे या प्रसंगी ते उपयोगी नाहीत. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे घेणाऱ्यांत नेहमीच्या साखरेचे पचन लांबते. त्यांनी ग्लुकोजाची भुकटीच जवळ बाळगावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉन टोचणे किंवा त्वरित रुग्णालयात नेणे हाच उपाय होय.

हा धोका व्यायाम संपताच संपत नाही. रिकामे झालेले ग्लायकोजेनाचे साठे भरून निघत असताना सहा ते पंधरा तासांनीही ग्लुकोज घसरू शकते. सायंकाळी खेळलेल्या मुलाला मध्यरात्री झोपेत झटका येण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. असा खेळ झाल्यास निजण्यापूर्वी ग्लुकोज तपासणे, आहारात भर घालणे किंवा रात्रीचे इन्शुलीन कमी करणे यांविषयी वैद्यांनी पालकांना आधीच सूचना देऊन ठेवणे अगत्याचे असते. त्वचेखाली बसविलेल्या संवेदकाने सतत मोजणी करता येते. मात्र श्रमाच्या वेळी त्याचा आकडा रक्तातील पातळीच्या काही मिनिटे मागे असतो.

ग्लुकोज वाढलेले असताना : पहिल्या प्रकारच्या मधुमेहात कारण उघड नसताना ग्लुकोज २७० मिग्रॅ.पेक्षा अधिक असल्यास कीटोन पिंडांची तपासणी करतात. रक्तातील त्यांचे प्रमाण दर लिटरमध्ये १·५ मिलिमोल किंवा अधिक असल्यास व्यायाम पूर्णपणे निषिद्ध असून तातडीने उपचार करावे लागतात. लघवीवाटे ग्लुकोज बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझीन, एम्पाग्लिफ्लोझीन यांसारखी औषधे घेणाऱ्यांत ग्लुकोज फारसे वाढलेले नसतानाही क्वचित कीटोन पिंडे वाढतात. उपवास व निर्जलीकरण यांमुळे हा धोका बळावतो. म्हणून अशा रुग्णांनी निर्जळी उपवासाच्या दिवशी दीर्घ श्रम करणे टाळावे. ताप, उलट्या वा जुलाब होत असतानाही व्यायाम बंद ठेवतात.

उपद्रव असताना : जालपटलावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर श्वास रोखून वजन उचलणे, उड्या मारणे व डोके खाली करणे यांमुळे नेत्रात रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. शीर्षासन, सर्वांगासन, दीर्घ कुंभक व जोराची भस्त्रिका या रुग्णांनी करू नयेत. नेत्रतज्ञांनी उपचार करून अनुमती देईपर्यंत चालणे किंवा स्थिर सायकल यांवरच समाधान मानावे लागते.

पावलांची संवेदना हरपलेल्या रुग्णाला खडा टोचल्याचे किंवा फोड आल्याचे कळत नाही. अशा रुग्णाने चालूच नये, हा पूर्वीचा निर्बंध आता शिथिल झाला आहे. जखम नसल्यास योग्य पादत्राणे घालून मध्यम चालण्याने व्रणांचा धोका वाढत नाही, असे आढळले आहे. सैल बोटांचे व मऊ तळाचे बूट, सुती मोजे व रोज रात्री आरशाच्या साहाय्याने तळव्यांची पाहणी या अटी मात्र अनिवार्य आहेत. जखम असेपर्यंत पायावर भार न देणारे हातांचे व बैठे व्यायाम योजतात. पाऊल लाल, गरम व सुजलेले असून दुखत नसेल, तर हाडांची झीज चालू असण्याचा संभव असतो; चालणे त्वरित थांबवावे लागते. महाराष्ट्रात अनवाणी प्रदक्षिणा व पंढरीची पायी वारी यांना धार्मिक महत्त्व आहे. आळंदी ते पंढरपूर हे सु. २५० किमी. अंतर अनेक मधुमेही वारकरी चालतात. त्यांनी काही आठवडे आधीपासून चालण्याचा सराव वाढविणे, रुळलेली पादत्राणे वापरणे, औषधांच्या मात्रा बदलून घेणे आणि एकादशीच्या उपवासाविषयी वैद्यांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

स्वायत्त तंत्रिकांची विकृती असल्यास श्रमाने नाडी पुरेशी वाढत नाही, उभे राहताच रक्तदाब घसरतो व उष्णता सहन होत नाही. अशा वेळी नाडीचे ठोके मोजण्यापेक्षा रुग्णाला जाणवणाऱ्या श्रमावरून तीव्रता ठरवितात. वृक्कविकार असतानाही सौम्य व्यायाम वर्ज्य नाही. तो सावकाश वाढवावयाचा असतो.

मार्गदर्शन : व्यायामाची योजना हे अनेकांच्या सहकार्याचे काम आहे. वैद्य तपासणी करून मर्यादा आखतात व औषधांच्या मात्रा बदलतात; भौतिकी चिकित्सक व्यायाम निवडून ते प्रत्यक्ष शिकवितात; आहारतज्ञ खाण्याच्या वेळा व प्रमाण जुळवून देतात. व्यायामशाळेतील शिक्षकाला, तसेच मधुमेही मुलाच्या शाळेतील शिक्षकांना विकाराची कल्पना असणे, साखर कोठे ठेवली आहे हे ठाऊक असणे आणि तातडीचे उपाय येत असणे आवश्यक असते. रुग्णाने व्यायामापूर्वीचे व नंतरचे ग्लुकोज, घेतलेले औषध, खाल्लेले पदार्थ व श्रमाचा कालावधी यांची काही आठवडे नोंद ठेवल्यास त्याचे शरीर श्रमाला कसा प्रतिसाद देते, हे कळते व मात्रा निश्चित करता येते. जेथे असे तज्ञ सहज उपलब्ध नसतात, तेथेही औषधे देणाऱ्या वैद्यांना व्यायामाची वेळ व प्रकार सांगून सल्ला घेणे शक्य असते. आरंभ दहा मिनिटांच्या चालण्याने करून कालावधी आधी व तीव्रता नंतर वाढविणे, हा क्रम बहुतेकांना मानवतो. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात वेदना, असाधारण धाप, चक्कर किंवा दृष्टीसमोर अचानक काळे ठिपके दिसणे यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

योग्य व्यवस्थापन असल्यास मधुमेह हा खेळातील उच्च कामगिरीच्याही आड येत नाही. पाकिस्तानचे वेगवान गोलंदाज वसीम अक्रम यांना १९९७ मध्ये मधुमेह असल्याचे आढळले. तरीही ते २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले. ब्रिटिश नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांच्या मधुमेहाचे निदानही १९९७ मध्येच झाले व त्यानंतर २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी आपले पाचवे सुवर्णपदक मिळविले. सामान्य रुग्णाला एवढ्या श्रमाची गरज नसते. आपल्या प्रकृतीस मानवेल असा व्यायाम नियमितपणे व आयुष्यभर चालू ठेवणे हे त्याच्या दृष्टीने पुरेसे असते.